पोहण्याचा गॉगल: न टोचणारा आणि पाणी न शिरणारा कसा निवडावा?

एप्रिल उजाडला की चंद्रपूरचा पारा चाळीसच्या वर जातो आणि मे महिन्यात तो ४६-४७ अंशांवर टेकतो. अशा दिवसांत शहरातली मुले तरणतलावाच्या शिबिरात असतात, तर गावाकडची बोडीत किंवा मामा तलावात. याच काळात माझ्याकडे डोळ्यांच्या दोन तक्रारी वाढतात. पहिली म्हणजे, "पोहून आला की डोळे लालभडक होतात, ड्रॉप लिहून द्या." दुसरी म्हणजे, "गॉगल घेऊन दिला, पण तो लावतच नाही, दुखतो म्हणतो." बहुतेक वेळा दोन्हींचे उत्तर एकच असते. ड्रॉपची गरज नसते, गॉगल चुकीच्या मापाचा असतो.

गॉगल दुखतो तो बहुधा पट्टा आवळल्यामुळे. पट्टा आवळावा लागतो, कारण कप चेहऱ्यावर नीट बसत नाही आणि पाणी शिरते. म्हणजे पाणी रोखण्याचे काम कपाने करायचे, पट्ट्याने नाही. पट्टा फक्त गॉगल जागेवर ठेवतो. खरेदी करताना एवढे लक्षात ठेवले तरी निम्म्या चुका टळतात.

गॉगल लागतोच कशाला?

डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे बरेचसे काम डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, करते. बाहेर हवा असेल तरच हे काम होते. पाण्यात डोळे उघडले की पारपटलाची ही ताकद जवळजवळ नाहीशी होते आणि सगळे धूसर दिसते. गॉगल डोळ्यापुढे हवेचा थर धरून ठेवतो, म्हणून पाण्याखाली स्पष्ट दिसते.

दुसरे कारण जळजळीचे. तरणतलावाच्या पाण्यातला क्लोरीन घाम, लघवी आणि अंगावरचा मळ यांच्याशी मिसळला की क्लोरामाइन नावाची द्रव्ये तयार होतात. ज्याला आपण 'क्लोरीनचा वास' म्हणतो तो मुख्यतः यांचाच असतो आणि डोळे चुरचुरतात तेही यांच्यामुळे. त्यात अश्रूंचा संरक्षक थर धुऊन जातो. म्हणून तलावात उतरण्यापूर्वी अंघोळ करण्याचा नियम पाळला तर सगळ्यांचेच डोळे कमी लाल होतात. तरीही गॉगल हवाच.

दुकानातच करायची परीक्षा

पट्टा मागे न नेता फक्त दोन्ही कप डोळ्यांवर ठेवा. हलकेच दाबा आणि हात सोडा. कप दोन-तीन सेकंद चिकटून राहिले, तर तो गॉगल तुमच्या चेहऱ्याचा. लगेच गळून पडला, तर कडेने कुठेतरी हवा शिरते आहे. जिथून हवा शिरते तिथूनच पाणी शिरणार. तो परत ठेवा, मग किंमत किती का असेना.

कप चिकटला तरी एक गोष्ट पाहा. कपाची मऊ कड डोळ्याच्या खोबणीभोवतीच्या हाडावर बसायला हवी, म्हणजे वर भुवईच्या खाली आणि खाली गालाच्या हाडाच्या वरच्या काठावर. ती पापणीवर किंवा बुबुळाच्या अगदी जवळ टेकत असेल तर दहा मिनिटांत दुखायला लागेल. डोळे मिटून-उघडून पाहा. पापण्यांचे केस काचेला लागत असतील तर काचेची खोली कमी आहे. आता हसा आणि गाल फुगवा, पोहताना तोंड उघडतो तसे उघडा. इतक्यावर कप सुटला तर पाण्यात तो नक्की सुटेल.

त्यानंतर नाकावरचा पूल. बऱ्याच जणांचा गॉगल इथेच फसतो. पूल अरुंद असेल तर नाकाचे हाड दुखते, रुंद असेल तर कपाच्या आतल्या कोपऱ्यातून पाणी येते. काही गॉगलसोबत लहान-मोठ्या मापाचे तीन पूल वेगळे मिळतात, काहींत पूल कमी-जास्त करता येतो. अहेरी, भामरागड किंवा सिरोंचाकडे राहणाऱ्यांना दुकानात घालून पाहण्याची सोय बहुधा नसते, ऑनलाइन मागवावे लागते. त्यांनी पूल बदलता येणारा आणि परत करण्याची सोय असलेला गॉगलच मागवावा. आल्यावर पाण्यात नेण्याआधी घरी वरची परीक्षा करावी. एकदा पाण्यात नेलेला गॉगल कोणी परत घेत नाही.

शेवटी पट्टा. तो कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर यावा. मानेवर उतरला तर कप खाली ओढले जातात. दुहेरी पट्टा असेल तर दोन्ही दोऱ्या थोड्या अंतरावर ठेवा, म्हणजे ताण वाटला जातो. कानाजवळ पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवे. पोहून आल्यावर डोळ्यांभोवती हलकी वर्तुळे उमटणे चालते, थोड्या वेळात ती जातात. तासाभरानंतरही खोल खाच दिसत असेल किंवा पापणी सुजत असेल तर पट्टा सैल करा. भुवईच्या आतल्या बाजूला कपाळाची नस असते. तिच्यावर रोज दाब पडला तर पोहल्यावर कपाळ ठणकते. ही डोकेदुखी गोळीने तात्पुरती थांबते, गॉगल बदलल्यावर कायमची जाते. डोके दुखते म्हणून चष्म्याचा नंबर तपासायला आलेल्या काही जणांना मी आधी गॉगलच दाखवायला सांगितला आहे.

आपल्याकडे एक अडचण तेलाची. मुलांना पोहायला पाठवताना डोक्याला आणि तोंडाला खोबरेल तेल चोपडण्याची पद्धत आहे. तेलकट त्वचेवर कप घसरतो. तेल लावायचे तर पोहून आल्यावर लावा. कपाखाली केस येऊ देऊ नका, एक केसही पाण्याला वाट देतो.

कड कशाची, काच कोणत्या रंगाची

कपाची कड सिलिकॉनची असेल तर उत्तम. ती मऊ राहते, लवकर कडक होत नाही आणि त्वचेला सहसा त्रास देत नाही. स्वस्त गॉगलमध्ये रबर किंवा फोमची कड येते. फोम पाणी धरून ठेवतो आणि काही महिन्यांत झिजतो. रबर आणि निओप्रीनची काहींना ॲलर्जी असते. डोळ्यांभोवती कपाच्या आकाराचा खाजरा, लाल चट्टा उठला तर ती जंतुबाधा नाही, ॲलर्जी आहे असे समजा आणि कड बदला. शर्यतीसाठी बिनकडेचे कडक प्लास्टिकचे कप मिळतात. ते सरावलेल्या जलतरणपटूंसाठी आहेत, हौशी माणसाने त्यांच्या वाट्याला जाऊ नये.

काच पॉलिकार्बोनेटची घ्या, ती सहजी फुटत नाही. उघड्या तलावात भर उन्हात पोहत असाल तर गडद किंवा आरशासारखी, अतिनील किरण अडवणारी काच डोळ्यांना सुखाची वाटते. संध्याकाळी, छताखाली किंवा गढूळ पाण्यात साधी पांढरी काच बरी.

चष्मा असेल तर

चष्म्याच्या नंबरचे तयार गॉगल मिळतात आणि ते चष्म्याच्या दुकानातून घ्यावेत. बहुतेक वजा नंबरचे असतात, साधारण उणे दीडपासून पुढे अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने. डावा-उजवा नंबर वेगळा असेल तर दोन्ही बाजूंच्या काचा वेगवेगळ्या निवडता येतील असा प्रकार मागा. या गॉगलची बाहेरची बाजू सपाट असते, नंबर आतल्या बाजूला दिलेला असतो, त्यामुळे तो पाण्यात आणि पाण्याबाहेर सारखाच लागू पडतो.

तयार गॉगलमध्ये सिलिंडर नंबर नसतो. तेव्हा साधा हिशेब असा: मुख्य नंबरात सिलिंडरचा निम्मा मिळवायचा. उणे ३ आणि सिलिंडर उणे १ असेल तर उणे साडेतीनचा गॉगल. बरोबर तो नंबर मिळत नसेल तर त्याच्या जवळचा कमी नंबर घ्या, जास्त नको. भिंत, दोरी आणि शिक्षक दिसले की पुरे, पाण्यात वाचायचे नाही. नंबर उणे एकच्या आसपास असेल तर साधा गॉगलही चालतो. मुलाचा नंबर उणे चार-पाच असेल आणि तो साध्या गॉगलने पोहत असेल, तर काठावरून हात करणारा शिक्षक त्याला नीट दिसत नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहू नका. पाण्यात अकँथअमिबा नावाचा सूक्ष्मजीव असतो. त्याच्या कवचबंद अवस्थेला तलावातला क्लोरीनही सहजी मारू शकत नाही. तो लेन्सखाली अडकला तर पारपटलावर जखम करतो. हा आजार महिनोन् महिने उपचार मागतो आणि नजर कायमची अधू करू शकतो. गॉगल घातला तरी थोडे पाणी आत जातेच, म्हणून 'लेन्सवर गॉगल' हा तोडगा नाही. नंबरचा गॉगल हाच खरा तोडगा.

लहान मुले, सुटलेला पट्टा आणि सिकलसेल

मुलाला मोठ्यांचा गॉगल पट्टा आवळून देऊ नका. मुलांच्या खोबणी लहान आणि जवळ असतात, त्यांचे माप वेगळे मिळते. पण मापाहून महत्त्वाचे आहे ते गॉगल काढायचे कसे हे शिकवणे.

मुले काय करतात? आत वाफ धरली की ओल्या हाताने दोन्ही कप चेहऱ्यापासून पुढे ओढतात, आतून बोट फिरवतात आणि मग हात निसटतो. ताणलेला पट्टा कप डोळ्यावर जोरात आदळवतो. अशा दुखापतींच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत १९७० च्या दशकापासून आहेत. कपाची कडक कड थेट डोळ्यावर बसली तर बुबुळापुढच्या कप्प्यात रक्त साचू शकते.

इथे आपल्या जिल्ह्यांची एक खास काळजी आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. एरवी डोळ्यात साचलेले थोडे रक्त विश्रांती आणि औषधांनी काही दिवसांत ओसरते. सिकलसेल असेल तर साचलेल्या रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. डोळ्यातले पाणी बाहेर नेणाऱ्या बारीक जाळीतून त्या जात नाहीत, जाळी तुंबते आणि डोळ्याचा दाब चढतो. इतरांचा डोळा जेवढा दाब काही दिवस सोसतो, तेवढ्याने यांच्या डोळ्याची नस लवकर खराब होऊ शकते. हा धोका आजारी मुलालाच नाही, एरवी ठणठणीत असलेल्या वाहकालाही आहे. "तो फक्त वाहक आहे, त्याला काही होत नाही" हे डोळ्याच्या मारापुरते खरे नाही. डोळ्याला मार लागून आलेल्या मुलाच्या आईवडिलांनी डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सिकलसेलबद्दल सांगावे, तपासणीचे कार्ड सोबत आणावे. काही नेहमीची दाब कमी करणारी औषधे या मुलांना जपून द्यावी लागतात, म्हणून डॉक्टरांना हे आधी कळणे गरजेचे आहे.

म्हणून घालण्याची रीत ही. आधी दोन्ही कप डोळ्यांवर टेकवायचे, एका हाताने धरून ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने पट्टा डोक्यामागे न्यायचा. काढताना उलट: आधी मागचा पट्टा वर उचलायचा, मग कप आपोआप सुटतात. कप पुढे ओढायचे नाहीत. वाफ धरली तर काठावर येऊन पूर्ण काढायचा, पाण्यात बुडवून पुन्हा लावायचा. मित्राचा पट्टा मागून ओढून सोडण्याची गंमत घरीच बंद करा. सिकलसेलच्या रुग्ण मुलांना थंड पाण्यात फार वेळ राहण्याने आणि अंगातले पाणी कमी झाल्यानेही वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांनी पोहावे की नाही आणि किती वेळ, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

मार लागलाच तर डोळा चोळू नका, दाबून पट्टी बांधू नका. कागदी पेल्याचा तळ किंवा तसेच काही कडक झाकण भुवई आणि गालाच्या हाडावर टेकेल असे ठेवून चिकटवा, मुलाला उशाला उंच करून बसवा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. दुर्गम भागातून गडचिरोली किंवा चंद्रपूरला पोहोचायला अनेक तास लागतात, तेव्हा "सकाळपर्यंत वाट पाहू" असे करू नका.

बोडी, मामा तलाव आणि नदीचा डोह

हा गॉगल पाण्याच्या वरच्या थरात पोहण्यासाठी आहे, बुडी मारण्यासाठी नाही. वैनगंगेच्या डोहात किंवा खोल तलावात तळ गाठायला उतरलात तर बाहेरच्या पाण्याचा दाब दर दहा मीटरला एका वातावरणाइतका वाढतो. गॉगलच्या आतली हवा मात्र तेवढीच राहते. मग कप एखाद्या तुंबडीसारखे डोळ्यांना ओढतात. दोन-तीन मीटरवरच ओढ जाणवते. त्याहून खाली गेल्यास डोळ्यांच्या पांढऱ्या भागात आणि पापण्यांत रक्त उतरते. पाणबुड्यांच्या मुखवट्यात नाकही आत असते, नाकातून हवा सोडून ते दाब सारखा करतात. पोहण्याच्या गॉगलमध्ये ती सोय नाही. जाळे सोडवायला किंवा शिंगाडे काढायला खाली उतरणाऱ्यांनी, नदीत पडलेली वस्तू शोधणाऱ्यांनी हा गॉगल वापरू नये.

साचलेल्या पाण्याचा आणखी एक प्रश्न आहे. जिथे गुरे डुंबतात त्याच बोडीत माणसे अंघोळ करतात, तिथल्या पाण्यातून ऱ्हायनोस्पोरिडिओसिस नावाचा आजार होतो. शेजारच्या छत्तीसगडमध्ये आणि दक्षिण भारतात तो बराच दिसतो. नाकात लाल, खरबरीत, पटकन रक्त येणारा मांसाचा गोळा वाढतो. नाकाखालोखाल तो पापणीच्या आतल्या बाजूला होतो. गोळ्यांनी जात नाही, शस्त्रक्रियेने काढावा लागतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात पोहून आल्यावर काही दिवसांनी एक डोळा लाल होऊन प्रकाश सहन न होणे, हेही सूक्ष्म जंतूंमुळे पारपटलाला आलेल्या दाहाचे लक्षण असू शकते. गॉगलने डोळ्यापुरते रक्षण बरेच होते, पण नाक उघडेच राहते. तेव्हा पोहायचेच तर गुरांच्या घाटापासून दूर, वाहत्या किंवा मोठ्या तलावाच्या स्वच्छ भागात पोहा आणि बाहेर आल्यावर डोळे, नाक, चेहरा स्वच्छ पाण्याने धुवा.

कोणी आधी विचारावे?

काचबिंदू असलेल्यांनी. गॉगल घातल्यावर डोळ्याचा दाब थोडा वाढतो. ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत ही वाढ सरासरी साडेचार अंक होती, काहींमध्ये बरीच जास्त. साधारण डोळ्याचा दाब १० ते २१ असतो, हे पाहता निरोगी माणसाला त्याने काही होत नाही. काचबिंदूवाल्याने मात्र रोज तासभर लहान कपाचा, आवळलेला गॉगल लावू नये. त्याच मोजणीत लहान कपांनी दाब जास्त वाढला होता. अशांनी चेहऱ्यावर रुंद बसणारा, मुखवट्यासारखा गॉगल घ्यावा. काचबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर वरच्या पापणीखाली केलेल्या फुगवट्यावर दाब नको आणि जंतूही नकोत. त्यांनी आपल्या शल्यविशारदांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरूच नये, शस्त्रक्रियेला कितीही वर्षे झाली असली तरी.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण महिना-दीड महिना पोहणे बंद. लेसर करून नंबर काढलेल्यांनी आणि पडद्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांनी दिलेली मुदत पाळावी. डोळे आले असतील तर पूर्ण बरे होईपर्यंत तलावात जाऊ नका. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, तेव्हा टॉवेल आणि गॉगल वाटून घेणाऱ्या भावंडांना ती एकामागोमाग झालेली आपण पाहिली आहे. गॉगल ज्याचा त्याचा वेगळा.

टिकवायचा कसा?

पोहून झाल्यावर साध्या पाण्यात धुवा, झटका आणि सावलीत वाळू द्या. काचेच्या आतल्या बाजूला वाफ न धरण्यासाठी एक पातळ लेप असतो. तो बोटाने, साबणाने किंवा टॉवेलने पुसला की जातो आणि मग वाफ धरतेच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गाडीच्या काचेमागे किंवा गच्चीवर ठेवलेला गॉगल एका हंगामात खराब होतो, कड वाकडी होते, पट्टा चिरतो. चिरलेला पट्टा लगेच बदला, तो तुटताना डोळ्यावरच येतो.

डॉक्टरांकडे केव्हा यावे?

पोहल्यावरची साधी लाली काही तासांत, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत जाते. त्यापुढे राहिली, पू येऊ लागला, एकच डोळा जास्त दुखत असेल, प्रकाश सहन होत नसेल किंवा दिसणे कमी झाले असेल तर दाखवा. औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे ड्रॉप स्वतःहून घालू नका. लाली तात्पुरती कमी होते, पण पारपटलाची जखम असेल तर ती वाढते. डोळ्यावर मार लागला असेल, बुबुळापुढे लाल रेघ किंवा पातळी दिसत असेल, मूल पेंगत असेल किंवा उलट्या करत असेल, तर रात्र असली तरी निघा. निघताना सिकलसेलचे कार्ड पिशवीत टाका.